मेट्रो चारशे मीटरवर आणि भांडण पार्किंगचं: कोथरूडच्या एका सोसायटीचं प्रकरण

आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट जवळजवळ दोन वर्षं एकाच गोष्टीवर अडलं होतं. कार्पेट किती टक्के वाढवून मिळणार, भाडं किती, कॉर्पस (बिल्डर सोसायटीला देतो तो एकरकमी निधी) किती हे सगळं चार-पाच मीटिंगमध्ये बऱ्यापैकी जमलं, अडलं ते पार्किंगवर. मी तेव्हा कमिटीवर होतो, सगळे कागद माझ्या हातून गेले, म्हणून जसं घडलं तसं लिहितोय. पौड रोड आणि कर्वे रोडच्या दोन्ही अंगाला अशा जुन्या सोसायट्या गल्लोगल्ली आहेत, सगळ्यांकडे आज ना उद्या हाच विषय येणार आहे, आणि एकदा प्लॅन मंजूर होऊन बिल्डिंग उभी राहिली की मग पुढची पन्नास वर्षं त्यात काही बदलता येत नाही.

आधी जागा सांगतो. आयडियल कॉलनी स्टेशनपासून चालत साधारण चारशे मीटर. प्लॉट दहा गुंठ्यांचा, म्हणजे हजार चौरस मीटरच्या आसपास. बिल्डिंग १९८४ ची, तळमजला अधिक तीन, एका मजल्यावर पाच असे २० फ्लॅट, प्रत्येकी कार्पेट ५५० स्क्वेअर फूट. लिफ्ट नाही, स्टिल्ट (गाड्यांसाठी खांबांवरचा मोकळा तळमजला) नाही. ती बांधली तेव्हा घरटी एक सायकल आणि फार तर एक स्कूटर असायची. आज निम्म्याहून जास्त घरांत सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दोन दोन आठवडे खाली उतरत नाहीत, त्यामुळे रिडेव्हलपमेंट ही आमच्याकडे हौस नव्हती, गरज होती.

६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, १ ऑगस्ट २०२३ ला ती रुबी हॉलपर्यंत गेली आणि सिव्हिल कोर्टला पिंपरी-चिंचवडच्या मार्गाला जोडली गेली, मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पोचली. पहिल्या दिवसापासून सोसायटीत एकच बोलणं, आता आपल्याला चार एफएसआय मिळणार, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं, मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत टीओडी झोन (स्टेशनभोवती जास्त बांधकामाला परवानगी असलेला भाग), एफएसआय चार. ते खोटं नाही पण अर्धवट आहे. चार ही कमाल मर्यादा आहे, आणि ती प्लॉट किती मोठा आणि समोरचा रस्ता किती रुंद यावर ठरते, शिवाय बेसिकच्या वरचा भाग प्रीमियम भरून घ्यायचा. मोठा प्लॉट आणि समोर रुंद रस्ता असला तर चारच्या गप्पा. आमचा प्लॉट दहा गुंठे आणि रस्ता नऊ मीटर, त्यात टीओडीमधून जास्तीचं असं फारसं हाती लागत नव्हतं, म्हणून आर्किटेक्टने नेहमीच्या नियमानेच हिशोब मांडला. यूडीसीपीआर, म्हणजे डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला लागू झालेली एकत्रित नियमावली, तिच्यात नऊ ते बारा मीटर रस्त्याला बेसिक, प्रीमियम आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) मिळून २.०, आणि त्यावर राहण्याच्या बांधकामाला जोडीचा म्हणून ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी. नऊ मीटरच्या खाली रस्ता असेल तर १.१ वरच थांबायचं, ना प्रीमियम ना टीडीआर.

आता आमचा रस्ता मुळात नऊ मीटर नव्हताच, सहा होता. पुण्यात असे सहा मीटरचे भरपूर रस्ते आहेत, २०२० मध्ये महापालिकेत ३२३ रस्ते सहाचे नऊ करायचा विषय आला होता तो ह्याच कारणासाठी, कारण त्याशिवाय टीडीआर वापरता येत नाही. आमच्या बाजूने सोसायटीने पुढची दीड मीटरची पट्टी सोडली. कंपाउंडची भिंत पाडून आत घेतली, तिथली दोन कडुलिंबाची झाडं कशी वाचवायची यावर एक आख्खी मीटिंग झाली, शेवटी एक वाचलं. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे तिच्याबद्दल सांगायचंय.

तर बिल्डरने पहिला प्लॅन आणला. जुने २० आणि विक्रीचे १८ असे ३८ फ्लॅट. प्रत्येक फ्लॅट साधारण ४० ते ८० चौरस मीटर कार्पेटमधला, त्याला नियमाने दोन फ्लॅटमागे एक कार. म्हणजे १९, वर व्हिजिटरची एखादी, धरा २०. आणि दुचाक्यांची जागा वेगळी. पण प्लॅनमध्ये गाड्या होत्या ४७! मी आर्किटेक्टला विचारलं, साहेब नियम वीस म्हणतो, तुम्ही सत्तेचाळीस कशाला काढल्या? ते म्हणाले, तुमच्याच मेंबरांनी फॉर्म भरून दिलेत, २७ जागा मागितल्यात, आणि बिल्डर म्हणतो विक्रीच्या १८ फ्लॅटना प्रत्येकी एक कार पार्किंग नसेल तर गिऱ्हाईक साइटवर पाऊल ठेवत नाही. सत्तावीस आणि अठरा पंचेचाळीस, दोन व्हिजिटर.

हे महत्त्वाचं आहे कारण आपण सगळे समजतो की पार्किंग महापालिका लादते. मोठ्या फ्लॅटना ती लादतेच, दीडशे चौरस मीटरच्या वर गेलं की फ्लॅटमागे दोन कार, ऐंशी ते दीडशेला एक. पण आमच्यासारख्या मधल्या घरांना नियम अर्ध्या गाडीवर थांबतो, पुढची अर्धी आम्ही स्वतः मागून घेतो, आणि बिल्डरही आनंदाने देतो. का देतो तेही बघायला पाहिजे. पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये धरलं जात नाही. स्टिल्ट असो, पोडियम (त्याच्या वरचा गाड्यांचा मजला) असो, बेसमेंट असो. घराची भिंत, घराची बाल्कनी सगळी पी-लाइनच्या, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या, आत मोजली जाते, बाल्कनीचा एक एक फूट एफएसआयमधून कापला जातो, पण गाडी उभी करायला कितीही मजले काढा, फार तर काही चार्ज भरावा लागेल, एफएसआयमधून इंचभर जात नाही. म्हणजे माणसाला राहायला जागा पाहिजे तर ती मोजून आणि गाडीला पाहिजे तर ती न मोजता. मेट्रो स्टेशनच्या दारात!

सत्तेचाळीस गाड्या म्हणजे काय ते प्लॅनवर कळत नाही, चौकोन चौकोन दिसतात. एका गाडीची चौकट साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, आणि वळायची, यायची-जायची जागा धरली तर पंचवीस चौरस मीटर सहज जातात. एवढ्या गाड्या दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर एका स्टिल्टमध्ये मावत नाहीत, म्हणून वर पोडियमचा अख्खा मजला, त्याला रॅम्प, आणि काही भागात स्टॅक, म्हणजे एकावर एक गाडी ठेवायचं मशीन. पहिलं घर त्यामुळे त्याच्याही वर गेलं. गल्लीच्या बाजूला दोन मजले नुसती जाळी आणि कॉलम, आणि रॅम्पचं तोंड बरोबर तिथे उघडणार जिथून सगळे चालत स्टेशनला जातात. मला ते चित्र बघून खरंच कसंतरी झालं. आत्ता तळमजल्याच्या काकू खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात, भाजीवाला त्यांच्या खिडकीपाशी थांबतो, ते सगळं जाऊन तिथे रॅम्प.

त्या रविवारी मी एक गोष्ट केली जी करायला पाहिजे असं मला आज पण वाटतं आणि ज्या सोसायटीत हा वाद चालू असेल त्यांनी जरूर करावी. चुन्याची फक्की आणली आणि कंपाउंडमध्ये टेप लावून अडीच बाय पाचचा चौकोन आखला. शेजारी तेवढाच दुसरा. पहिल्यात एक गाडी आणून उभी केली. दुसऱ्यात गच्चीवरची जुनी कॉट ठेवली, एक खुर्ची ठेवली, कपाट कुठे येईल ते चुन्यानेच काढलं, ओटा काढला, आणि तरी मध्ये उभं राहायला जागा उरली. साडेबारा चौरस मीटर म्हणजे १३४ स्क्वेअर फूट होतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या, ओट्याच्या रेषेपाशी हात करून बघितला आणि म्हणाल्या, "अहो, माझं स्वयंपाकघर याच्या निम्मं आहे." आमची स्वयंपाकघरं आठ बाय आठ आहेत, चौसष्ट फूट, त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी फॉर्ममध्ये दोन गाड्यांची जागा मागितली होती, एक त्यांची, एक मुलगा परत आला तर. त्या तिथे बराच वेळ उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत नंतर.

रात्री अकराची मोजणी

मीटिंगमध्ये कुणीही उठून म्हणायचं, आजकाल घरटी दोन गाड्या आहेत. मला ते पटत नव्हतं पण माझ्याकडे आकडा नव्हता. मग मी आणि पहिल्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा, आम्ही दोघांनी रात्री अकरा वाजता मोजायचं ठरवलं, कारण अकरानंतर सगळ्या गाड्या घरी आलेल्या असतात. आमच्या सोसायटीच्या कार निघाल्या ११. सहा कंपाउंडमध्ये, पाच गल्लीत. दुचाक्या ३४. म्हणजे २० फ्लॅटना कार अकरा, आणि मागणी सत्तावीसची.

नुसतं किती एवढंच नाही, किती वापरतात तेही बघायचं होतं. सोसायटीतल्या एका आजोबांनी एक युक्ती सांगितली, ते पूर्वी एस.टी.च्या डेपोत होते. टायरवर खाली खडूने एक रेघ मारायची आणि तिच्या बरोबर समोर जमिनीवर दुसरी. गाडी हलली की रेघा जुळत नाहीत. प्रत्येकाला आधी सांगून, परवानगी घेऊन दोन आठवडे रोज रात्री आम्ही टॉर्च घेऊन फिरलो. चौदा दिवसांत तीन गाड्या जागच्या हलल्याच नाहीत, एकीच्या कव्हरवर कडुलिंबाची पानं साचून त्याखाली मुंग्यांनी घर केलं होतं. चार गाड्या फक्त शनिवार-रविवारी बाहेर पडल्या. रोज जाणाऱ्या चार. त्यातला एक मेंबर हिंजवडीला जातो, एक चाकणला, दोघांची कामाची जागा वनाज-रामवाडी मार्गावर नाहीये, त्यांना मेट्रो घ्या म्हणणं चुकीचंच. एक डॉक्टर आहेत, त्यांना रात्री-अपरात्री निघावं लागतं. चौथ्यांच्या आईचं डायलिसिस चालू आहे. या चौघांना गाडी लागतेच आणि दारात लागते, यात कुणाचं दुमत नाही.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पार्किंग कमी करा म्हटलं की समोरच्याला वाटतं आपली गाडी काढून घेणार. तसं कुणी म्हणत नाहीये. विषय असा आहे की ज्याला खरोखर लागते त्याला मिळाली पाहिजे आणि ज्याची गाडी कव्हरखाली झोपलीय त्याच्या जागेचा खर्च सगळ्यांनी का उचलायचा? आमच्याकडे नऊ घरांत कार नाहीच. त्यात दोन पेन्शनवरची आहेत, एक विधवा ताई आहेत ज्या डेक्कनला कामाला जातात, मेट्रो सुरू झाल्यापासून मेट्रोनेच, दोन स्टेशनं पुढे गरवारे, तिसरं डेक्कन. पोडियमच्या खर्चाने त्यांचं कार्पेट कमी होणार, पोडियमच्या लाइट-पंखे-स्टॅकच्या मेंटेनन्समध्ये त्यांचा सारखा वाटा, आणि त्यांच्या नावावर लावलेली जागा रिकामी.

मग दुसरा फॉर्म काढला. पहिल्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, तुम्हाला किती कार पार्किंग हवी? फुकट विचारल्यावर माणूस दोनच सांगणार, मी पण एक जास्तीच लिहिली होती. दुसऱ्यात असं विचारलं: जागा फ्लॅटला चिकटलेली नसेल, सोसायटीची राहील, ज्याला हवी त्याने महिन्याला पंधराशे रुपये सोसायटीला द्यायचे, नको झाली की सोडायची, तर किती हव्यात? सत्तावीसच्या झाल्या १२. तेच वीस मेंबर, तोच महिना.

कायद्याने हे बसतं का, असं लगेच विचारलं गेलं आणि ते विचारायलाच पाहिजे. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने नहालचंदच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की स्टिल्टमधलं पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, बिल्डरला ते फ्लॅटसारखं सुटं विकता येत नाही, ती सगळ्यांची सामायिक जागा. आणि सोसायटीच्या उपविधींमध्ये तर आधीपासून आहे की पार्किंगचं वाटप सोसायटीने करायचं, चार्ज जनरल बॉडीने ठरवायचा, जागा कमी पडल्या तर चिठ्ठ्या टाकून. आपणच सगळीकडे "माझ्या अ‍ॅग्रीमेंटला पार्किंग आहे" या बोलण्याची इतकी सवय करून घेतलीय की उपविधी कुणी उघडून बघत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

विरोध झाला आणि तो सगळा बिनबुडाचा नव्हता. सगळ्यात मोठा मुद्दा एका काकांनी मांडला, आतमध्ये कमी केल्यात की त्या रस्त्यावर येणार, गल्लीत आधीच चालता येत नाही. हे शंभर टक्के खरं आहे आणि याचं उत्तर सोसायटीच्या हातात नाही, इथेच महापालिकेचा नियम आणि महापालिकेचा रस्ता यांची एकमेकांशी गाठ पडायला पाहिजे ती पडत नाही.

आता ती दीड मीटरची पट्टी. रस्ता सहाचा नऊ झाल्याशिवाय एफएसआय नाही म्हणून आम्ही ती सोडली, शेजारच्या दोन सोसायट्यांनी पण सोडली. उद्देश काय, रस्ता रुंद व्हावा. आज रात्री दहानंतर तिथे या, आमच्या पट्टीवर गाड्या उभ्या असतात, त्यातल्या पाच आमच्याच आणि बाकीच्या कुठल्या कुठून आलेल्या, दिवसा स्टेशनला जाणाऱ्यांच्या दुचाक्या. म्हणजे जागा आम्ही दिली, त्यावर एफएसआय घेतला, आणि चालणाऱ्याला त्यातला एक फूट मिळाला नाही. माझी आई बहात्तरची आहे, तिच्याबरोबर मी घड्याळ लावून स्टेशनपर्यंत चाललो. चारशे मीटरला अकरा मिनिटं. मला एकट्याला पाच लागतात. ती सहा ठिकाणी फुटपाथवरून खाली उतरली, दोनदा गाडीच्या आरशाला धरून वळसा घातला, एका ठिकाणी समोरून रिक्षा आली तर आम्ही दोघं एका ट्रान्सफॉर्मरच्या जाळीला टेकून उभे राहिलो. टीओडीचं वर्तुळ नकाशावर कंपासने ५०० मीटरचं काढता येतं, पण ते माणूस चालणार कुठून?

पुण्याचं पार्किंग धोरण २०१८ मध्ये मंजूर झालं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे, गर्दीच्या रस्त्यावर जास्त, असं त्याचं सूत्र होतं. त्या वेळी केवढा विरोध झाला ते सगळ्यांना आठवत असेल, आणि मग ते कागदावर राहिलं. माझं म्हणणं आहे की रस्त्यावरची जागा फुकट आहे तोपर्यंत बिल्डिंगच्या आतली पार्किंग कमी करायचा कुठलाही नियम टिकणार नाही. काका म्हणत होते ते हेच. दोन्ही एकत्र करावं लागेल, आधी गल्लीतलं किंवा निदान बरोबरीने. केंद्राने २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातच म्हटलं होतं की विचार वाहनं हलवायचा नको, माणसं हलवायचा करा, आणि २०१७ मध्ये टीओडीचं राष्ट्रीय धोरण आलं त्यात तर स्टेशनजवळ पार्किंगला आवर घाला असं सरळ आहे. म्हणजे दिशा कुणाला माहीत नाही असं नाहीये.

दुसरा विरोध बिल्डरचा. तो म्हणाला, मेंबरांचं तुम्ही बघा, पण माझे अठरा फ्लॅट पार्किंगशिवाय विकले जाणार नाहीत. यावर आम्ही फार ताणलं नाही. त्याचा धंदा त्याला कळतो, आणि पुण्यात आज विनापार्किंग नवा टू-बीएचके घ्यायला माणूस कचरतो हे खोटं नाही. तिसरा मुद्दा स्टॅकचा, की ते मशीन बंद पडतं, लाइट गेली की वरची गाडी अडकते, आणि एरवीही खालची काढल्याशिवाय वरची निघत नाही. ओळखीच्या एका सोसायटीत जाऊन बघितलं, तिथे खरंच दोन प्लॅटफॉर्म महिनाभर बंद होते. म्हणून ठरवलं की डॉक्टर, डायलिसिसचं घर आणि दिव्यांग मेंबर असेल तर तो, यांना साध्या जमिनीवरच्या जागा, स्टॅक नाही.

बाहेर काय केलंय

हे सगळं आपल्याकडेच पहिल्यांदा होतंय असं नाही, म्हणून थोडं शोधलं. ब्राझीलमध्ये साओ पाउलोने २०१४ च्या विकास आराखड्यात मेट्रो आणि बसच्या मुख्य मार्गांलगत किमान पार्किंगची अट काढून टाकली आणि पुढे आणखी एक गोष्ट केली जी मला सगळ्यात पटली: फ्लॅटमागे एकच पार्किंग बांधकामाच्या हिशोबातून मोकळी, त्याच्या वर बांधली तर ती मोजायची, म्हणजे आपल्या भाषेत एफएसआयमध्ये धरायची. बिल्डरला सांगितलं नाही की बांधू नको, फक्त सांगितलं की गाडीचा मजला आणि माणसाचा मजला यात तू निवड. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमानचं टेबल उलटं करून कमाल केलं. कॅलिफोर्निया तर गाडीशिवाय पान न हलणारा मुलुख, तिथेही १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या सार्वजनिक वाहतुकीच्या स्टेशनपासून अर्ध्या मैलात, म्हणजे आठशे मीटरमध्ये, शहरांना किमान पार्किंग सक्तीची करता येत नाही. त्यांची शहरं वेगळी, आपली वेगळी, आपल्याकडे दुचाकी हा मोठाच फरक आहे, तिथला नियम उचलून इथे चिकटवा असं मी म्हणत नाही. पण साओ पाउलोची ती एक ओळ आमच्या ४७ च्या प्लॅनला लावून बघितली तर ३८ च्या वरच्या नऊ गाड्या जागच्या जागी नाहीशा होतात, कारण कुठलाच बिल्डर विकाऊ घर सोडून गाडीसाठी एफएसआय जाळणार नाही.

मग काय ठरलं

तीन जनरल बॉडी झाल्या. पहिलीत आवाज चढले, एक काका उठून गेले. दुसऱ्या वेळी मी मोजणीचा कागद सगळ्यांच्या हातात दिला, कुणाची कुठली गाडी ते न लिहिता. तिसऱ्या वेळी मतदान घेतलं, वीसपैकी सोळा जण पूलच्या बाजूने, म्हणजे जागा सोसायटीच्या आणि ज्याला हवी त्याने महिन्याला पैसे भरून घ्यायची. उठून गेलेले काका विरोधातच राहिले आणि त्यांनी तसं मिनिट्समध्ये लिहून घेतलं, ते त्यांचा हक्क आहे.

नवा प्लॅन ३२ गाड्यांचा. मेंबरांच्या १२ पूलमध्ये, विक्रीच्या फ्लॅटना १८, व्हिजिटर २. दहा जागा साध्या, अकरा ठिकाणी दोन मजली स्टॅक. पोडियम गेला, रॅम्प गेला. पहिल्या मजल्याची घरं परत गल्लीच्या नजरेत आली. दुचाक्यांना गेटजवळची बाजू, सायकलींना जिन्याखाली चार्जिंग पॉइंटसकट जागा. समोरच्या बाजूला जाळीच्या ऐवजी सोसायटीचं ऑफिस आणि एक बसायचा कट्टा. नियमाच्या वीसपेक्षा बत्तीस जास्तच आहेत, मला अजून कमी हव्या होत्या, पण बिल्डरच्या अठरा हलल्या नाहीत.

पोडियमचा खर्च वाचला त्यातून काय, यावर आम्ही बिल्डरशी वेगळं बसलो. तो मेंबरांना २६ टक्के जास्त कार्पेट देत होता, ते ३० वर आलं. चार टक्के म्हणजे ५५० वर २२ स्क्वेअर फूट. ऐकायला काहीच नाही. पण सहा बाय तीनची कॉट अठरा फुटांत बसते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या सुनेने लगेच प्लॅनवर पेन्सिलने कॉट काढली, हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीशेजारी.

महापालिकेला पण आम्ही एक पत्र दिलं, तीन सोसायट्यांच्या सह्यांनी. त्यात तीनच मागण्या. स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत फ्लॅटमागे अर्ध्या कारपर्यंतच पार्किंग एफएसआयमधून मोकळी ठेवा, त्याच्या वरची मोजा, दुचाकी आणि सायकलची मात्र मोकळीच ठेवा. लहान फ्लॅटना कारची अट टीओडीमध्ये पूर्ण काढा, ज्याला बांधायची तो बांधेल. आणि रस्ता रुंदीसाठी जी पट्टी सोसायटी सोडते तिच्यावर आधी फुटपाथ करा, गाड्या आत येणार नाहीत असे खांब लावा, मगच वरचा एफएसआय वापरायला द्या. तिसरी मागणी आमच्या स्वतःच्या पोटावर पाय आणणारी आहे, परवानगीला उशीर होईल म्हणून एका सोसायटीने सहीला वेळ लावला, पण केली.

पत्राची पोच माझ्याकडे आहे, शिक्का मारलेली. उत्तर अजून नाही.

पूलचं रजिस्टर मात्र आम्ही नव्या बिल्डिंगची वाट न बघता याच कंपाउंडमध्ये सुरू केलं, सहा जागा, महिन्याला पाचशे, म्हणजे सवय होईल. पहिल्या महिन्यात कव्हरखालच्या तीन गाड्यांपैकी दोन विकल्या गेल्या. ताईंनी, ज्या डेक्कनला जातात, त्यांनी विचारलं की गाडी नसणाऱ्याला मेंटेनन्समध्ये काही सूट का, तर पूलचे जमा होणारे पैसे आता लिफ्ट नसलेल्या या शेवटच्या वर्षात आजींना वर-खाली नेणाऱ्या माणसाच्या पगारात जातात. आजी परवा खुर्चीत बसून खाली आल्या, चुन्याचा चौकोन अजून पुसट दिसत होता, त्याच्या कडेला त्यांची खुर्ची ठेवली, आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत त्या तिथेच बसल्या होत्या.